नाक्यावरचं वारं

२००१ सालच्या जानेवारीत, आदिलाबादहून येणारी एस.टी. पैनगंगेचा पूल ओलांडून नाक्यावर थांबली आणि हवालदार रामरावांनी हंसाबाईच्या मांडीवरच्या टोपलीला काठीचं टोक लावलं. टोपलीत काठोकाठ कापूस होता.

"काय हाय यात?"

"दिसून नाही राह्यलं? कापूस."

मागे कोणीतरी हसलं. रामराव हसले नाहीत. त्या हंगामात नदीच्या अलीकडे, महाराष्ट्रात, सरकारी खरेदीचा भाव चढा होता. पलीकडचा कापूस चोरून ट्रकांनी येई, गाठोड्यांनी येई, बायांच्या पोटाला बांधूनही येई.

"अन् कापसात?"

"लेकीचा लेक. सातव्यातच झाला. कापसात ठेवा लागते, नाही तं गार पडते." हंसाबाईनं काठी हातानं बाजूला सारली. तिच्या ओढणीवरचे आरसे हलले. "झाल्याबरोबर दवाखान्यात नेला. मायनं धड तोंडबी नाही पाह्यलं त्याचं. तिच्यापाशी घेऊन चालली."

"काल एकीनं बी नातूच सांगतला व्हता. मापावर पाच किलो भरला तिचा नातू. उतर खाली. घागरा बी झटकून पाहा लागते."

पलीकडच्या बाकावर रजनी बसली होती. पांढरकवड्याच्या मधुसूदन वकिलांची ही बायको. नवऱ्याचे अर्ज, दावे, प्रतिज्ञापत्रं सगळं तीच टाइप करायची. ती उठणार हे ओळखून मधुसूदनरावांनी तिच्या पायावर पाय ठेवला. तो काढून घेत ती उठलीच.

"बाईची झडती बाईनंच घ्यायची असते, हवालदार. तुम्ही तिला हात लावायचा नाही."

"बाई शिपाई तालुक्याहून बोलवा लागन. संध्याकाळ व्हईन. थांबवू गाडी?"

"वहिनी, कायले फाटे फोडता?" कंडक्टर कुरकुरला. "लोकायले घरी जाऊ द्या ना."

"नाही तं तुमीच घ्या झडती," रामराव म्हणाले. "तुमी बी बाईच हाय ना?"

सगळी गाडी हसली. मधुसूदनराव खिडकीबाहेर पाहू लागले. हंसाबाईनं टोपलीवर दोन्ही हात दाबून धरले होते. तिनं रजनीकडे बराच वेळ पाहिलं.

"हिले पाहू द्या," ती म्हणाली. "हिलेच."

नाक्यामागं टिनाचा आडोसा होता. रजनीनं घागरा, ओढणी नावापुरती चाचपली. मग टोपलीपाशी बसून बोटांच्या टोकांनी कापूस बाजूला केला. आत लिंबाएवढी मूठ होती. मग गाल. तिनं बोट गालाला लावलं आणि तिथंच राहू दिलं.

हंसाबाई बाळाकडे पाहत नव्हती, रजनीकडे पाहत होती.

"सकाळीच," ती हळू आवाजात म्हणाली. "समजलं तं गाडीत नाही घेत. हे लोक पंचनामा करतीन, चिरतीन त्याले. त्याची याडी तिकडं वाट पाहून राह्यली, बाई. मायच्या मांडीवर एकडाव ठेवतो अन् मंग पुरतो. तिच्या सासरचे तं आतापासूनच तिले पांढऱ्या पायाची म्हणून राह्यले."

रजनीनं कापूस होता तसा सारखा केला.

"काय निघालं?" रामरावांनी विचारलं.

"मूल आहे. झोपलंय."

जन्मभर 'वरील मजकूर खरा आहे' असं टाइप करणाऱ्या त्या बाईचा आवाज जराही हलला नाही. गाडी सुटल्यावर तिनं हंसाबाईची खिडकी लावली आणि आपली शाल टोपलीवर पांघरली. हंसाबाई नको म्हणाली नाही. तांड्याच्या फाट्यावर ती शालीसकट उतरली.

पुढं रामराव बदलून महागावला गेले आणि तिथंच पेन्शनीत निघाले. खरेदीची योजना गुंडाळली, नाक्याचं टिन कोणी कोणी उचलून नेलं. बायकोनं हवालदाराला कायदा कसा शिकवला, हे मधुसूदनराव कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत वर्षानुवर्षं रंगवून सांगत. उरलेली गोष्ट त्यांना ठाऊक न होताच ते गेले.

ती ठाऊक असलेली बाई रजनीला नाक्यानंतर एकदाच भेटली, काही वर्षांनी, घाटंजीच्या बाजारात. हंसाबाई फार वाकली होती. अंगावर तीच शाल. सोबत तिची लेक उज्ज्वला, कडेवर धडधाकट पोरगी.

"नाक्यावर कापूस उघडला ते बाई हेच का?" उज्ज्वलानं आईला विचारलं.

हंसाबाई खाली भाज्यांकडे पाहत राहिली.

"वारं लागलं त्याले," उज्ज्वला रजनीला म्हणाली. "तुमी उघडला म्हणून. माह्यापाशी आणला तवर गार झाला व्हता. कायचा शौक व्हता तुमाले कायदा दाखवाचा? सासरचे मले बोलले असते जन्मभर. मायनं सांगतलं म्हणून समजलं, दोष कोनाचा."

रजनीनं हंसाबाईकडे पाहिलं. म्हातारीनं शालीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"लवकर झाकायला हवं होतं मी," रजनी म्हणाली.

हंसाबाई पुढच्याच उन्हाळ्यात गेली. उज्ज्वला अजून बाजारात दिसते. रजनीला पाहिलं की ती तोंड फिरवते. रजनी फिरवू देते.