पंचविसावी टाचणी

टाचण्या पंचवीस होत्या. डबीत परत भरल्या चोवीस. हे मला कळलं प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, म्हणजे माझी गोधडी तिथल्या हॉलमध्ये टांगून घरी आल्यावर. मी सोफा सरकवला, गालिचा झटकला, लेकीचे कपडे उलटे करून पाहिले, लेकीलाही जवळजवळ उलटं केलं. टाचणी नाही. म्हणजे ती गोधडीतच होती, अस्तराच्या आत कुठेतरी टपून बसलेली. आणि स्पर्धेच्या अर्जावर ठळक छापलं होतं: सुई किंवा टाचणी राहिल्याचं आढळल्यास गोधडी बाद.

ही माझी पहिलीच गोधडी. लेक झोपली की चार टाके, उठली की बंद, असं करत सव्वा वर्ष शिवलेली.

"भिंतीवर आहे ना ती? मग भिंतीला टोचेल फार तर," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, प्रदर्शनासाठी सकाळीच आमच्याकडे आलेली. लेक त्यांच्या कडेवर होती.

"परीक्षकबाई हात फिरवून बघतात हो."

"मग गुण देताना जाग्या तरी राहतील."

हॉलमध्ये गोधड्यांना हात लावायला बंदी होती. पाठ बघायची तर सिस्टरना बोलवायचं. या निवृत्त नर्स. पांढरे हातमोजे घालून त्या गोधडीचा कोपरा दोन बोटांत अशा धरायच्या, की नाडी बघतायत असं वाटावं. मी त्यांना तीनदा बोलावलं.

"तुमचीच ना ही?" तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या. "मग घरी काय पोटच बघत होतात का हिचं?"

एरवी मी त्या हॉलमधून हललेच नसते. शेजारी गणिताच्या सरांची गोधडी होती, नुसत्या त्रिकोणांची, आणि एकूण एक टोक जिथल्या तिथे जुळलेलं. पलीकडे एका बस ड्रायव्हरची, जुन्या गणवेशांतून केलेली. खिसे तसेच ठेवले होते आणि त्यांच्या झाकणांना बटणंसुद्धा होती. आणि कोपऱ्यात एका आजींचा साधा धावदोरा, इंचाला दहा टाके, आखल्यासारखा. पण मी कारागिरी सोडून लोकांची बोटंच बघत होते.

परीक्षकबाई आल्या. त्यांची स्वतःची प्रचंड गोधडी मधोमध लावली होती, स्पर्धेबाहेर, आणि तिच्यासमोर लोक कुजबुजतच बोलत होते. सरांचे त्रिकोण बघून त्यांनी मान डोलावली. मग माझ्या गोधडीकडे पंजा उचलला.

"हात लावू नका!"

मी केवढ्यांदा ओरडले ते हॉल गप्प झाल्यावर कळलं. लेक तेवढी खिदळली.

"त्यात टाचणी आहे," मी म्हटलं. "माझीच. बाद करा."

"कुठे आहे?"

"ते माहीत असतं तर काढली नसती का!" म्हटलं आणि जीभ चावली.

बाईंनी शांतपणे पर्समधून लोहचुंबक काढला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा, आणि माझ्या गोधडीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. पाठीमागूनही फिरवला.

"काही नाही हिच्यात."

"पुन्हा एकदा बघता का?"

ताईंनी मला चिमटा काढला.

तेवढ्यात सर खाकरले. "आता काढलाच आहे तर... जरा माझ्यावरूनही."

टक्. फळ्यावर बेरीज चुकावी तसा सरांचा चेहरा झाला.

"माझ्यावरून नको," ड्रायव्हरकाका घाईने म्हणाले. "मला माहितीये. दोन आहेत."

आजींच्या गोधडीतून अर्धी सुई निघाली. "मेली इथे होय! मी सुनेवर आळ घेतला होता."

मग सगळे मधल्या गोधडीकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागले. शेवटी बाई स्वतःच तिकडे गेल्या. टक्. टक्. थोडं थांबून आणखी तीनदा टक्.

"नियम पाळायचा तर बक्षीस हिलाच द्यावं लागेल," माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "आणि हिचे कोपरे बघा!"

कोपरे खरंच एकमेकांशी भांडल्यासारखे होते. नियम तिथल्या तिथे रद्द झाला. बक्षीस सरांना मिळालं आणि सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. पण त्याआधी बाईंनी दोन्ही तळवे माझ्या गोधडीवर दाबून फिरवले. म्हणाल्या, "आत्ता इथेच आडवं व्हायचं झालं ना, तर मी हीच घेईन."

मला एकदम रडू यायला लागलं. ताईंनी ते पाहिलं आणि सिस्टरच्या हातमोज्यावर जमलेल्या टाचण्यांतली एक उचलून माझ्या पर्समधल्या डबीत टाकली.

"घे, झाल्या पंचवीस. आता लोकांचं काम बघ जरा डोळे भरून."

मी बघायला लागले. आजींच्या धावदोऱ्यापाशी पोचेपर्यंत दम धरला. पण ताईंनी टाकलेल्या टाचणीचं डोकं पांढरं होतं, आणि माझ्या सगळ्या हिरव्या डोक्याच्या. म्हणजे माझी अजून बेपत्ताच होती.

"ताई," मी हळूच विचारलं, "सकाळी तुम्ही आमच्याकडे नेमक्या कुठल्या खुर्चीत बसला होतात?"