मुंग्या मीच दिल्या

मित्रांनो, मी एक जुना पॉवर फिल्टर आहे. माझ्यावर एक आरोप झाला होता, आणि तो मला आजही मान्य नाही.

काडेपेटीएवढी पत्र्याची डबी, एवढंच माझं रूप. विजेबरोबर जो कचरा येतो, तो मी अडवतो आणि तिसऱ्या तारेने जमिनीत सोडतो. माझी उमेदीची वर्षं लोहाऱ्यात तहसीलसमोरच्या एका झेरॉक्स मशीनमध्ये गेली. मशीन भंगारात गेलं, मी मात्र धडधाकट होतो. जुना म्हणजे निकामी, असं लोक का धरून चालतात कोण जाणे.

भंगाराच्या दुकानात मला महेश्वरीने निवडलं. तिचे वडील वीरप्पा दर सोमवारी अंगणात जमलेल्यांसमोर शिवभक्तीची वचनं म्हणत. वयामुळे आवाज बसला, मागच्यांना ऐकू जाईना, तसं त्यांनी म्हणणंच सोडलं. म्हणून लेकीने घरीच ॲम्प्लिफायर बनवला. पण शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की तिचा कचरा विजेतून यायचा आणि स्पीकर नुसता कडकडायचा.

"मोठा घे की," तिचा भाऊ महांतेश एक जाडजूड फिल्टर पुढे करत म्हणाला.

"आपल्याला काय गिरणी चालवायची न्हाय. लागतं तेवढं ह्यो पेलतोय," ती म्हणाली. माझ्या पाठीवरचा आकडा वाचून, मीटर लावून तिने मला घेतलं. मला फार बरं वाटलं.

पण अंगणातल्या बोर्डाला दोनच भोकं. महांतेशने पकड घेतली आणि प्लगची जाड तिसरी पिन मोडून टाकली. आपल्याकडे हे सर्रास चालतं. माझा जमिनीत जायचा रस्ताच बंद झाला. अडवलेलं सगळं पत्र्यावर आलं, तिथून माईकवर, आणि वीरप्पांच्या हाताला मुंग्या आल्या.

"म्या बिनमाईकचाच बरा," म्हणत ते उठून आत गेले.

त्यांची बायको शांताक्का भडकली. "ती डबी आधी फेका. एखादा जीव जायचा."

हो, मुंग्या मीच दिल्या. माफी मागणार नाही. मला तोंड नाही. रस्ता तोडलाय, हे मी दुसरं कसं सांगणार होतो?

महेश्वरीने बटण बंद करून प्लग उपसला. "अव्वा, डबीचा दोष न्हाय. ही पिन बघ, आपुनच मोडलीय."

महांतेश गुपचूप तीन पिनांचा प्लग आणि बोर्ड घेऊन आला. तिसरी तार जिथे जमिनीत जाते तो अर्थिंगचा खड्डा वायरमन धुळाप्पांनी उघडला, तर तो ठणठणीत कोरडा. कोळसा-मीठ भरून त्यांनी त्यात पाणी ओतलं, मग सगळं तपासून दिलं.

पुढच्या सोमवारी गिरणी चालूच होती. वीरप्पा माईककडे नुसते बघत राहिले. तेव्हा शांताक्का पुढे झाली आणि तिने आपला हात ॲम्प्लिफायरवर टेकवला. "काय होत न्हाय. लई दिवस झाले ऐकून. म्हणा तुमी."

त्यांनी म्हटलं. फाटकाशी उभ्या असलेल्यांनाही शब्द न् शब्द ऐकू गेला. स्पीकर कडकडला नाही.

मित्रांनो, तिसरी पिन मोडू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालायला घरच्यांना सांगा. हाताला मुंग्या आल्या तर हात काढा, मोठ्यांना हाक मारा, बटण बंद करायला लावा. मग तिसरी तार बघा. ती शाबूत असेल, तर खुशाल मला शिव्या द्या.