पामटॉपवरून निघालेली नोटीस

यंत्रांशी माझं जमतं, माणसांशी वाजतं. मी अमरावतीला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांना माझी आठवण इन्व्हर्टर बंद पडला की येते. अकोल्याहून गोदावरीमामीचा फोन आला तेव्हा मी 'हॅलो'च्या जागी "आता काय बिघडलं?" असंच विचारलं.

"बिघडलं काहीच नाही वं," मामी म्हणाली. "तुह्या मामानं कपाटातून ते जुनं डबडं काढलं. त्याच्यावरून मेल पाठवतो म्हणते. तू येऊन जाय बाप्पा."

डबडं म्हणजे पामटॉप. चष्म्याच्या डबीपेक्षा थोडा मोठा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा संगणक. उघडला की आत बारीक बटणं आणि राखाडी पडदा. नव्वदच्या दशकात एका अशिलानं परदेशातून आणून दिला होता. उद्धवमामा वकील, ते त्यात कोर्टाच्या तारखा ठेवायचे. मला लहानपणी त्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून मी रविवारी पहिल्याच एसटीनं निघाले.

मामांचा आवाज गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. मामा सावरले, हिंडू-फिरू लागले, पण माणसांत बसेनात. त्यात भगवंतरावांचा फोन येणंही बंद झालं. भगवंतराव अमरावतीचे वकील. मामांच्या विरुद्ध जन्मभर उभे राहिलेले आणि तरी जिवाभावाचे. पातूरकडे दोन शेतांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक चिंच होती. तिच्या मालकीचा दावा भगवंतराव जिंकले आणि मामांनी तो निकाल कधी मानला नाही. पुढे ती चिंच वादळात पडली, पक्षकार एकमेकांचे सोयरे झाले, पण हे दोघं रोज संध्याकाळी फोनवर तोच दावा नव्यानं चालवत. मामांना ते भांडण परत हवं होतं. दुसरं काही नको होतं.

"मग मोबाइल कशाला घेऊन दिलाय?" मी विचारलं.

मामांनी पामटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. 'काचेवर बोट थरथरते. एका अक्षराचे तीन होतात.'

"माझा लॅपटॉप घ्या. चांगली मोठी बटणं आहेत."

त्यांनी मान हलवली. उठले, पामटॉप दोन्ही तळव्यांत धरला आणि ओसरीवर येरझारा घालत दोन्ही अंगठ्यांनी टाइप करू लागले. मी बघत राहिले. मामा कोर्टातही एका जागी उभे राहून कधी बोलले नाहीत. या माणसाला बसून विचारच सुचत नाही, आणि लॅपटॉप घेऊन कोणी फेऱ्या मारत नाही.

मग मात्र मला त्या यंत्राचा नाद लागला. त्याला वायफाय माहीत नाही. त्याला एवढंच कळतं की आपल्याला एक मॉडेम जोडलेला आहे, त्याला नंबर सांगायचा, त्यानं फोन लावायचा आणि पलीकडून इंटरनेट यायचं. तसा फोन उचलणारं आता कोण उरलंय? म्हणून मी एक छोटी डबी आणली होती. ती पामटॉपला सांगते, मी मॉडेम आहे, आणि गुपचूप घरच्या वायफायवर जाते. थोडक्यात, बिचाऱ्याला फसवायचं.

पण बिचारा सहजी फसेना. पहिल्यांदा पडद्यावर काहीच येईना. तासभर चिडचिड केल्यावर कळलं, केबलमध्ये दोघांची बोलायची तार एकच होती. दोघंही बोलत होते, ऐकत कोणी नव्हतं. मी तारांची अदलाबदल करून पुन्हा सोल्डर केलं. मग पडद्यावर नुसता कचरा उमटला, कारण दोघांचा वेग जुळत नव्हता. तो जुळवला. मग मेल अडली. आजच्या मेलच्या दारांना जी कुलपं असतात ती या यंत्राच्या जन्मानंतरची, म्हणून माझा जुना लॅपटॉप मध्ये पोस्टमन म्हणून बसवला. पामटॉपनं त्याच्या हाती द्यायचं, त्यानं पुढे पोचवायचं. शेवटी मी नंबर लावायचा हुकूम दिला आणि पडद्यावर 'कनेक्ट' आलं. मला एवढा आनंद झाला की मी मामीकडे आपणहून चहा मागितला.

मामांनी डबीला कान लावला. मग टाइप केलं, 'ओरडला नाही.' त्यांच्या काळात मॉडेम जोडताना किंचाळायचा.

"हा शहाणा आहे, गप्प राहून काम करतो," मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली. मामा मात्र हसले. हसताना फक्त त्यांचे खांदे हलले.

मेल त्यांनी फेऱ्या मारतच लिहिली. केबल मी मुद्दाम अंगणापर्यंत पुरेल एवढी केली होती. मला वाटलं, ख्यालीखुशाली लिहितील. वकिलानं वकिलाला काय लिहावं?

'माझे अशील उद्धव यांच्या सूचनेवरून आपणास कळविण्यात येते की, आपण सबळ कारण नसताना माझ्या अशिलाशी भांडणे बंद केले आहे. तरी कारण दाखवा. अन्यथा पातूरच्या चिंचेबाबत आपली हार आपणास मान्य आहे असे समजण्यात येईल.'

मेल गेली. आम्ही वाट पाहिली. चहा झाला, जेवणं झाली. मामा जागचे हलेनात, पडद्याकडे बघत बसून राहिले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं तेव्हा माझीच चूक सापडली. नवे सेल टाकले की पामटॉपचं घड्याळ १ जानेवारी १९८० पासून सुरू होतं. तारीख लावायची राहिली होती. भगवंतरावांच्या मोबाइलमध्ये मेल सगळ्यांच्या तळाशी जाऊन बसली असणार.

मी मोबाइल उचलताच मामा दोन्ही हातांनी नको नको करू लागले. आपल्या वतीनं कोणी फोन करायचा नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. मी ऐकलं नाही. फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काका, मी उद्धवमामांची भाची रागिणी. तुमच्या मेलमध्ये अगदी खाली बघा, सगळ्यात जुनी."

"थांब, चष्मा घेतो." बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग त्यांचा कोर्टातला आवाज लागला. "वकीलसाहेब, नोटीस भेटली. पण तारीख हाय ऐंशी सालची. मुदतबाह्य हाय. अन् तवा तुह्यापाशी सनद तरी होती काय?"

मामांचे खांदे हलायला लागले. त्यांनी भराभर टाइप केलं, बटण दाबलं. पलीकडे टिंग वाजलं.

"'विषय बदलू नका. कारण दाखवा,'" भगवंतरावांनी मोठ्यानं वाचलं आणि त्यांचा कोर्टातला आवाज उतरला. "कारण काय दाखवू, उद्धव? ऑपरेशननंतर एक डाव फोन केला. मीच बोलून राहिलो होतो, तिकून नुसता श्वास. जल्मभर तुह्याशी भांडलो, आता एकतर्फी जिंकू? मले नाही जमलं. रोज संध्याकाळी फोन हातात घेतो अन् ठेवून देतो."

मामीनं पदर डोळ्याला लावला. मामा अंगणाच्या टोकाशी पाठ करून उभे होते.

भगवंतराव खाकरले. "पण चिंचेचं म्हणशील, तर मी बरोबरच होतो. झाडाचं खोड माह्या अशिलाच्या वावरात, मुळंबी त्याच्याच वावरात, तुह्या माणसाकडं गेली ते नुसती सावली. अन् सावलीचा सातबारा निघते काय? अन् तो तुहा साक्षीदार..."

त्यांची गाडी आता थांबणार नव्हती. मामा वळले. फेऱ्या सुरू झाल्या, अंगठे चालायला लागले, वायर मागे सरपटत होती आणि मामी पाय वर घेऊन बसली. मामांनी बटण दाबलं.

"...तो तर निशापाण्यात..." टिंग. भगवंतराव अडखळले. "'हरकत,'" त्यांनी वाचलं.



"मंजूर," भगवंतराव म्हणाले. "बोल, उद्धव. मी थांबतो."