बोथट कोयत्याचा खुनी

कोलशेतच्या बंद पडलेल्या कंपनीत, खिडक्यांना काळे कागद डकवून, भरदुपारी रात्र केलेली होती. जेवायच्या सुट्टीपर्यंत भिवाजी कोळ्याने अर्धं कॉलेज मारून टाकलेलं. आता उरली होती हिरॉईन, डोंबिवलीची नंदा.

दिग्दर्शक गोविंदाने माजिवड्याच्या व्हिडिओ पार्लरात बसून खुनाचे नियम पाठ केलेले. खुनी पळत नाही, तरी पोचतो. पोरगी पळते आणि सपाट जमिनीवर पडते. लोकांनी घाबरावंही आणि हसावंही, असा त्याचा पिक्चर होता. खुनी बोलायला लागला तर मजा जाईल, म्हणून भिवाजीच्या चामडी मुखवट्याला तोंडाशी भोकच नव्हतं, आणि नाड्या मागून आवळलेल्या.

सकाळचे खून लाकडी कोयत्याने उरकले, पण जवळून तो कॅमेऱ्यात खेळण्यासारखा दिसायचा, म्हणून नंदासाठी भिवाजीने घरचा खरा आणलेला. काल गोविंदाने स्वतः कानस घेऊन त्याची धार घासून बोथट केली होती.

आता शेवटचं रीळ लावलेलं. काहीही झालं तरी कट म्हणणार नाही, असं गोविंदाने बजावलं. नंदा पळाली, पडली, मान ताणून निजली. भिवाजी सावकाश निघाला. वाटेत गोणपाटाचा पडदा होता, तो त्याने कोयत्याने बाजूला सारला.

पडदा सरला नाही. पापलेटाचं पोट फाडावं तसा वरपासून खालपर्यंत चिरत गेला.

भिवाजी थांबला. रात्री कोयता घरी नेलेला. सकाळी उंबऱ्यात धार लावायचा पाथर ओला दिसलेला. जन्मभर मासळी विकलेली त्याची आई, भागीरथी, पिशवी हातात देताना पुटपुटली होती, "कोळ्याचे घरान बोथट कोयता? लोकं काय बोलतील?" रोजची कुरकुर म्हणून त्याने कानाआड केलेलं.

तो मुखवट्यातून जीव खाऊन ओरडला. बाहेर आलं नुसतं हूं हूं. गोविंदा खूश होऊन खुर्चीतून उठला आणि त्याने दोन्ही अंगठे दाखवले.

नंदाने एक डोळा उघडला. खुनी समोर उभा राहून नकारार्थी मान हलवत होता. तिचा हा पहिला पिक्चर. शेवटचं रीळ वाया गेलं तर परत कोण बोलावणार?

"भिवाजीदादा, विसरलास काय?" ती ओठ न हलवता म्हणाली. "मानेवर टेकव आणि ओढ. मी ओरडते."

त्याने आणखी जोरात मान हलवली. हा घाबरला, असं समजून तिने अर्धवट उठून दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि कोयता स्वतःच्या गळ्याकडे ओढला. भिवाजीने खाडीत जाळी ओढलेली, पण नंदाही हट्टाला पेटलेली. पातं कातडीला लागलं.

भिवाजीने सगळा भार टाकून मागे अंग झोकलं. नंदा त्याच्यावर कोसळली, कोयता हातातून उडाला आणि गोविंदाच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीतून आरपार गेला.

"रीळ संपलं," कॅमेऱ्यामागून उत्तम म्हणाला.

कुणीतरी नाड्या कापल्या. घामाने निथळणाऱ्या भिवाजीने मुखवटा ओढून काढला.

"धार आहे गं त्याला," तो म्हणाला. "आईनं लावली."

नंदाचा हात गळ्याकडे गेला. बारीकशी चीर, पण बोटं लाल झाली. गोविंदा धावत आला, तिची हनुवटी लाईटकडे वळवली आणि विचारलं, हा रंग कुणी लावला, आज पहिल्यांदा खऱ्यासारखा वाटतोय.

नंदाने ती बोटं त्याच्या शर्टाला पुसली आणि खुन्याच्या शेजारी जाऊन बसली. अख्ख्या कंपनीत तिला तेवढीच एक जागा बरी वाटली.