सोमवारचं एक वाक्य

“थांब, व्हेरा फोन बांधतेय,” ओडेसा म्हणाली आणि स्पीकरचं बटण दाबून माझ्याशेजारी येऊन बसली.

व्हेरा म्हणजे तिची नणंद, कॅलिफोर्नियात राहणारी. तिच्या भावाला, म्हणजे ओडेसाच्या नवऱ्याला, तिथल्या तुरुंगातून इकडे अमिरातीत, अल ऐनला फोन करायची सोय नव्हती. तो बहिणीला करी. ती दुसऱ्या फोनवरून ओडेसाला लावी आणि दोन्ही रिसीव्हर उलटसुलट धरून, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी आणून, रबरबँडने बांधून टाकी. नवरा-बायकोचा संसार कित्येक वर्षं त्या रबरबँडवर चालला होता.

शहाण्णव साल असेल. आम्ही समोरासमोरच्या दारातल्या. मी इस्पितळात नर्स, ती मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. तिचा रुफस तरुणपणी काळ्या लोकांच्या मुक्तीच्या चळवळीत होता. एका चकमकीत पोलीस मेला आणि रुफसला जन्मठेप झाली. मी तिथे नव्हतोच, असं तो म्हणे. कोर्टाला ते पटलं नाही. तिकडे त्याचं आडनाव ऐकलं की शाळा ओडेसाला दारातूनच परत पाठवत. इथे त्या आडनावाला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून ती वाळवंटात आली.

येत्या सोमवारी सुटकेच्या मंडळासमोर त्याची दरवर्षीची पाळी होती. मंडळ दर खेपेस एकच विचारी: चळवळ चुकीची होती, असं म्हणतोस का? दर खेपेस तो नाही म्हणे. त्याच्याबरोबर आत गेलेले दोघेही तेच म्हणत आले होते. त्यातला एक आतच मेला. या वेळी मात्र ओडेसाने त्याला गळ घालायचं ठरवलं होतं.

“पन्नाशी उलटली माझी,” ती सकाळीच म्हणाली होती. “मला आता फोटोतला नवरा नको. घोरणारा हवाय.”

दुपारी जेवताना मी हे माझ्या नवऱ्याला, संजयला, सांगितलं होतं.

“अगं, एक सेंटेन्स तर बोलायचंय,” तो म्हणाला. “बोलला की खलास. शिर सलामत तो पगडी पचास. बोर्डवाले काय त्याचं मन ओपन करून बघणारेत?”

“माझे आबापण एकच सेंटेन्स बोलले होते.”

संजयने ताटातून मान वर केली नाही. सासऱ्यांचा विषय निघाला की तो जपून असतो.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी आबा तुरुंगात गेले, तेव्हा मी शाळेत होते. आजी अंथरुणाला खिळलेली, चूल थंड. शेवटी आई रडतरडत त्यांना भेटायला गेली आणि आबांनी फौजदारासमोर, चार लोकांदेखत सांगून टाकलं, यापुढे मी यात नाही. ते सुटले. आम्ही गोडधोड केलं. पण भीमजयंतीची मिरवणूक दारावरून निघाली की ते खिडकी लावून घेत. भांडण नाही, अबोला नाही. विचारलं तेवढं बोलत. मला आबांची फार आठवण येते, आणि ती येते त्या आधीच्या, मोठ्याने गाणाऱ्या आबांची.

माझे वडील आत होते आणि सुटून आले, एवढंच ओडेसाला ठाऊक होतं.

“ते आल्यावर तुझी आई सुखात होती ना?” फोन जोडला जाईपर्यंत तिने विचारलं. तिला हो ऐकायचं होतं. खोटं बोलणं नर्सच्या अंगवळणी पडलेलं असतं. काही होत नाही, बरं वाटेल, हे मी दिवसभर म्हणत असते. पण जीभ वळेना.

“आबा घरी होते,” मी म्हणाले. “आई त्यांची वाट बघतच गेली.”

तेवढ्यात स्पीकरमध्ये खरखर झाली आणि विहिरीच्या तळातून यावा तसा रुफसचा आवाज आला. हवापाणी झालं, गुडघ्याची चौकशी झाली. मग तोच म्हणाला, “ओडेसा, मी थकलोय. तू सांग. तू म्हणशील ते सोमवारी बोलतो.”

इतक्या वर्षांत त्याने हे कधी तिच्यावर टाकलं नव्हतं. ओडेसाने तोंडावर हात धरला. मला वाटलं, आता म्हणेल, बोल आणि ये. खोटं कशाला सांगू, आबांचं सगळं पाहूनही माझ्या मनात तेच होतं. आपलं माणूस घरी यावं असं कोणाला वाटत नाही?

“दाढी नीट करून जा,” ती अखेर म्हणाली. “आणि ताठ बस.”



“बरं,” रुफस म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. तो आणखी काही सांगणार, तोच तुरुंगाची वेळ संपली आणि त्याची लाइन तुटली.

व्हेराने रबरबँड सोडला असावा. तिचा आवाज एकदम जवळून आला, “मी बाजूला गेले होते. काय ठरलं? मागची खोली त्याच्यासाठी आवरून ठेवू ना?”

ओडेसाचे गाल ओले झाले होते. ते तिने पुसले नाहीत.

“नको, भाड्याने दे,” ती म्हणाली. “पण एका वर्षाच्या वर बोली करू नकोस.”