पन्नास हजारांच्या आतली गाडी

मी बोलतेय. मेस्त्रींच्या गॅरेजात भिंतीकडे तोंड करून उभी असलेली पिवळी गाडी. दोन दारं, सहा सिलिंडर, आणि डाव्या अंगाचा पत्रा पुढच्या बंपरपासून दाराच्या कडीपर्यंत खरवडलेला.

बोलावं की नाही, याचा मी बराच विचार केला. जे सांगायचंय त्यात माझा दोष किती आणि माणसांचा किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. शिवाय काही गोष्टी मला जशा आठवतात तशाच त्या घडल्या, याचीही खात्री देववत नाही. पण त्या शनिवारी सकाळी मला वाचा असती, तर एक वाक्य मी नक्की बोलले असते. ते राहिलं, म्हणून आता हे सगळं.

माझ्यासारख्या गाड्या कंपनीने चारशेच्या आसपास काढल्या आणि मग तो प्रकार बंद केला. कारण साधं होतं, आम्ही खपत नव्हतो. पळायला तेज, पण सीट कडक, पेट्रोल भरपूर आणि मागच्या सीटवर माणसाने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्नच. शोरूममध्ये मी आठ महिने उभी होते. गिऱ्हाईक आलं की विक्रेता माझ्याकडे हात करून म्हणायचा, "ही जरा वेगळी आहे," आणि त्याला पुढच्या गाडीकडे घेऊन जायचा. आज माझ्याभोवती माणसं जमतात तेव्हा मला ते आठ महिने आठवतात. तेव्हा मला कुत्रंही विचारत नव्हतं, आणि मी तर तीच आहे. मग बदललं काय?

शेवटी एका दंतवैद्याने मला सवलतीत नेलं. दोन वर्षांत त्याची कंबर धरली. "दिवसभर लोकांच्या तोंडात वाकायचं आणि संध्याकाळी हिच्यात वाकून शिरायचं, जमणार नाही," असं म्हणून त्याने मला विकलं ते चष्मेवाल्यांना.

चष्मेवाले म्हणजे चष्म्याचं दुकान असलेले गृहस्थ. बोलणं कमी, हात फार नाजूक. बारीक स्क्रू त्यांच्या बोटांतून कधी पडत नसे. काहीही टाकून द्यायचं नाही, ही दुसरी सवय. त्यांची बायको दवाखान्यात परिचारिका होती. ती गाडी चालवायला शिकली ती माझ्यावरच. पहिल्या आठवड्यात तिने मला अकरा वेळा बंद पाडलं. दर वेळी ती म्हणायची, "सॉरी गं बाई." माझ्याशी बोलणारं ते पहिलं माणूस.

वीस वर्षं आमचा एक नेम होता. सकाळी ती चालवायची. तीन किलोमीटरवर दुकान, तिथे ते उतरायचे, आणि पुढच्याच चौकात तिचा दवाखाना. मी बंद पडायच्या आधी किती घुटमळते, क्लच कुठे धरते, उतारावर कुठला गिअर मला आवडतो, हे त्यांच्यापेक्षा तिला जास्त कळायचं. कधी सुट्टीला आम्ही लांब जायचो, तेव्हा मला मोकळा रस्ता मिळायचा. सुख म्हणजे काय हे मला सांगता येणार नाही, पण ते असावं.

मग रविवारची मंडळी सुरू झाली.

बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाच्या आवारात दर रविवारी सकाळी जुन्या, वेगवान गाड्यांचे शौकीन जमायचे. आधी गप्पा इंजिनांच्या असत. कुणाची कशी तापली, कुणी कुठल्या घाटात कुणाला मागे टाकलं. हळूहळू बोलणं भावावर आलं. मंडळींत एक निवृत्त विमा अधिकारी होते. कुठली गाडी कुठे किती किमतीला गेली, हे सगळं त्यांच्या वहीत असे. सगळे त्यांना आकडेबुवा म्हणत.

"चष्मेवाले, ऐकलंत का?" एका रविवारी ते म्हणाले. "तुमच्या हिच्यासारखी एक लिलावात गेली. आकडा सांगू? नको, तुम्ही आधी खाली बसा."

आकडा ऐकून चष्मेवाले खरंच बसले. माझ्याच बोनेटवर.

"अहो, उठा उठा!" आकडेबुवा ओरडले. "पत्र्याला पोचा पडेल! मीटर किती आहे?"

"एकोणपन्नास हजार तीनशे."

"मग आता चालवणं बस्स. पन्नास हजारांच्या आतली आणि बाहेरची, यात जमीन-अस्मानाचा फरक. आणि सगळं मूळचं पाहिजे. कारखान्यातून आलं तसं. पाइपावरचा शिक्कासुद्धा लोक बॅटरी मारून वाचतात हल्ली."

चष्मेवाल्यांचा मला राग येत नाही, तो का येत नाही हे सांगायला हवं. त्यांनी दुकानाशेजारचा गाळा भाव वाढायच्या आधी सोडला होता. धाकट्या भावाने सुचवलेली जमीन घेतली नव्हती. घरी कुणी टोचून बोलत नसे, पण भाऊ आला की ते विषय बदलायचे. आता आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःला न कळत, ते बरोबर ठरले होते. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी मला इतकं हळू चालवलं, की मागच्या सायकलवाल्याने घंटी मारली.

तेव्हापासून चार वर्षं मी थांबलेलीच. रोजच्या कामाला एक जुनी छोटी गाडी आली. माझ्यावर मऊ आच्छादन पडलं. रविवारी मला आवारात न्यायचं तर ट्रकवर चढवून.

"गाडीला गाडीत बसवून फिरायला नेतात," बायको शेजारणीला म्हणाली. "मला कधी रिक्षासुद्धा बोलावली नाही यांनी."

पण रात्रंदिवस गॅरेजात उभं राहून गाडी टिकत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. लोखंड आतून गंजतं. मेस्त्री दर सहा महिन्यांनी यायचे आणि तेच सांगायचे, "साहेब, हिला फिरवा. माणूस चार वर्षं खाटेवर पडला तर उठून जिना उतरेल का?"

"दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतो की."

"इंजिनाने गाडी पळते. थांबते कशाने?"

चष्मेवाले हसले होते. मला हसू आलं नाही.

आता ती गोष्ट, जी मला सांगता आली नाही. आठ वर्षांपूर्वी मेस्त्रींनी माझे ब्रेकचे रबरी पाइप बदलले होते. जुन्यांना भेगा पडल्या होत्या. चष्मेवाल्यांनी सवयीप्रमाणे ते जुने पाइप एका डब्यात घालून माळ्यावर ठेवले. यंदा मला विकायचं ठरलं आणि जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका कारखानदाराचा माणूस बघायला येणार असं कळलं, तेव्हा त्यांना त्या डब्याची आठवण झाली. त्या पाइपांवर माझ्या कंपनीच्या कारखान्याचा शिक्का होता, माझ्या जन्माचं वर्ष होतं.

ते परत लावाल का, असं त्यांनी मेस्त्रींना विचारलं. मेस्त्री म्हणाले, "असलं काम माझ्या हातून होणार नाही. तुम्हीही करू नका."

त्यांनी केलं. एका दुपारी, बायको बहिणीकडे गेली असताना, माझं माहितीपुस्तक उघडं ठेवून, त्या नाजूक हातांनी नवे पाइप काढले आणि जुने लावले. भेगा दिसू नयेत म्हणून त्यांना बुटाचं काळं पॉलिश लावलं. काम इतकं सुबक झालं, की क्षणभर मलाही बरं वाटलं. हे मी कबूल करते. माझं स्वतःचं काहीतरी परत आल्यासारखं वाटलं. ते स्वतःशीच पुटपुटले, "हिला चालवायचंय कुठे? दाखवायचीच तर आहे."

कारखानदाराचा माणूस आला, बॅटरी मारून शिक्का वाचला आणि खूश झाला. सौदा ठरला. सोमवारी ट्रक येणार होता. कारखानदाराकडे अशा अकरा गाड्या होत्या, एका थंड हॉलमध्ये, प्रत्येकीच्या बॅटरीला चार्जिंगची एकेक तार लावलेली.

शनिवारी सकाळी बायको घरच्या गॅरेजात आली. तिने आच्छादन काढलं, घडी घातली आणि किल्ली मागितली.

"एकदा मला नेऊ द्या. पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येते."

"अगं, आता कशाला? परवा तर जाणार ती."

"म्हणूनच. वीस वर्षं नेलं मी हिला. तीन किलोमीटरने तुमचा कारखानदार भिकेला लागणार नाही."

ते दारात उभे राहिले. पाइपांबद्दल सांगायचं तर चोरून केलेलं काम सांगावं लागणार होतं. त्यांचं तोंड उघडलं होतं, हे मी पाहिलं. मग ते म्हणाले, "थांब, मीही येतो. पण हळू चालव."

"तुम्ही कधीपासून हळू म्हणायला लागलात?" ती हसली आणि सीट पुढे ओढली.

पाण्याच्या टाकीपर्यंत चढ होता. चढावर ब्रेक फारसा लागत नाही. ती खुशीत होती. मला मात्र पुढच्या उजव्या चाकाशी तो पाइप फुगलेला जाणवत होता, दर वेळी तिने पाय ठेवला की थोडा अधिक. मी पॅडल मऊ करून सांगायचा प्रयत्न केला. तिला ते कळलंही. "ब्रेक जरा खाली जातोय का हो?" असं तिने विचारलं. ते म्हणाले, "खूप दिवस उभी होती ना."

टाकीला वळसा घालून आम्ही उतरायला लागलो. खाली तिठा आहे, तिठ्यावर बसथांबा. पाचसहा माणसं उभी होती, एक बाई पिशवीत काहीतरी शोधत होती. बायकोने ब्रेकवर पाय ठेवला आणि पाइप फाटला. पॅडल तळाला गेलं. मागचे ब्रेक होते, पण चार वर्षांत ते नावापुरतेच उरले होते.

ती ओरडली नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यात टाकलं, माझं इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. तेवढ्याने भागणार नाही हे तिला माझ्याइतकंच कळलं असावं, कारण तिने मला डावीकडे, उताराच्या दगडी भिंतीला घासत नेलं. तो आवाज मी विसरू शकत नाही. स्टिअरिंगने झटका दिला आणि तिचं मनगट मोडलं. बसथांब्यापासून पंधरा-वीस हातांवर मी थांबले. पिशवीत शोधणाऱ्या बाईने तेव्हा वर पाहिलं.

 मग ते म्हणाले, "पाइप मी बदलले होते. जुने लावले होते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मला बसू दिलंत."

एवढंच ती बोलली. डाव्या हाताने दार उघडून ती बाहेर पडली आणि आधी बसथांब्यावर कुणाला लागलंय का ते बघायला गेली.

मला इथे, मेस्त्रींकडे, आणून आज आठवा दिवस. पहिल्या तीन दिवसांत रविवारच्या मंडळींपैकी निम्मे येऊन गेले. हळहळ सगळ्यांना होती, पण ती कशाची, ते मला समजायला वेळ लागला. आकडेबुवांनी गुडघ्यावर बसून माझा पत्रा तपासला. "सगळंच गेलं असं नाही. आणि तो फाटलेला पाइप जपून ठेवा बरं का. शिक्का शाबूत आहे." कुणीतरी विचारलं, "वहिनींचा हात कसा आहे?" तेव्हा आकडेबुवांनी वही मिटली.

आज सकाळी चष्मेवाले आले. बायको सोबत होती, प्लॅस्टरची तपासणी करून दोघं परस्पर आले होते. ती आत आली नाही, दारापाशी स्टुलावर बसली. फोन वाजला. कारखानदार होता. चष्मेवाल्यांच्या बोलण्यावरून कळलं, की भाव कमी करून तो अजूनही मला घ्यायला तयार होता. अट एकच, जुने पाइप डब्यात घालून सोबत द्यायचे. पत्रा दुरुस्त झाला, की त्याचा माणूस ते पुन्हा बसवील.

"पुन्हा बसवणार?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "आणि मग कुणी चालवली तर?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला, मेस्त्रींच्या फळीवरची करवत घेतली आणि मेस्त्रींनी काढून ठेवलेले चारही जुने पाइप एकामागून एक कापले. वीतभर, मग बोटभर. शिक्क्याचे दोन तुकडे केले.  स्क्रू न पडू देणाऱ्या त्या बोटांना करवत नीट धरता येत नव्हती. मेस्त्री मदतीला पुढे झाले, तर ते म्हणाले, "नको. मीच लावले होते."

काम झाल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं.

"हे माझ्यासाठी केलंत असं नका समजू," ती म्हणाली. आवाज शांत होता. "माझं जे व्हायचं ते झालं. पुढे जो बसेल, त्याच्यासाठी बरं केलंत."

ती उठली आणि चौकापलीकडच्या बसथांब्याकडे निघाली. ते तिच्या मागोमाग गेले, दोन पावलांचं अंतर ठेवून. ती थांबली नाही. पण चौकात रस्ता ओलांडताना तिने त्यांना "गाडी येतेय, बघा" असं म्हटलेलं मला ऐकू आलं. त्याचा काय अर्थ लावायचा, मला कळत नाही. कदाचित काहीच नसेल. ती परिचारिका होती, कुणालाही म्हणाली असती.

माझं पुढे काय होणार, मला माहीत नाही. मी विकली जाईन, किंवा नाही. रविवारच्या वहीत माझा आकडा खाली आला असेल. त्याची काळजी वाटत नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आठ महिने शोरूममध्ये उभी राहिलेली गाडी मी, कुणी किंमत केलेली मला आवडते. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझ्यासारखी एखादी आच्छादनाखाली असेल, तर तिचा शिक्का वाचायला वाकाल तेव्हा आणखी थोडं खाली वाका. रबर बोटाने दाबून बघा. आणि तिच्यात जिला बसवणार आहात, तिला आधी सगळं सांगा.

उद्या मेस्त्री मला टाकीच्या उतारावर नेणार आहेत. पाइप नवे आहेत, ऑइल नवं आहे. तरी मला भीती वाटते. माझ्या पळण्याचं कौतुक लोकांनी पुष्कळ केलं. उद्या मला फक्त थांबता आलं पाहिजे.