सोमाजीचा नंबर

सिंदेवाहीच्या पुढं, जंगलाला अगदी खेटून असलेल्या त्या गावात वाघाची खबर सगळ्यांत आधी सोमाजीच्या नंबरावरून येई. सोमाजीला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी त्यात बदल झाला नव्हता.

जंगलावर नजर ठेवणाऱ्या गावच्या पथकात तो होता. पहाटे नाल्याच्या रेतीत पंजा दिसला की गावाच्या व्हॉट्सॲप गटावर आवाज टाके, "नाल्याकडे येऊ नका. ताजा पंजा आहे." एवढंच. मग एका एप्रिलात बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर वाघानं त्यालाच धरलं. खिशातला फोन काचेला तडा जाऊन घरी परत आला. पथकातली त्याची जागा आणि तो फोन, दोन्ही त्याच्या बायकोनं, मनकर्णानं, घेतली. खबर ती लिहून देई. नाव आणि फोटो मात्र त्याचाच राहिला. कुणी बदला म्हटलं नाही आणि तिनं बदलला नाही. 'सोमाजीचा मेसेज आला' असंच गाव म्हणे आणि मोहाची टोपली परत खाली ठेवी.

दुपारी घरात एकटी असली की मनकर्णा त्याचे जुने आवाज एकामागून एक लावी. कुठं मागं पाणी वाहत असे, कुठं वाळक्या पाल्यावर त्याचेच पाय वाजत.

त्या दिवशी ती मोह वेचून आली होती. फुलं अंगणात पसरत होती, तेवढ्यात फोनवर एसएमएस आला. 'आपले व्हॉट्सॲप खाते आज बंद होत आहे. सर्व मेसेज, फोटो व आवाज कायमचे नष्ट होतील. खाते चालू ठेवण्यासाठी संपर्क करा.' खाली दहा आकडी नंबर.

ती 'आवाज' या शब्दापाशी थांबली. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात कामाला असलेली तिची मुलगी दिव्यानी तिला दर खेपेला बजावून जाई, की बँकेचा आकडा कुणाला सांगायचा नाही. ते तिला चांगलं आठवत होतं. पण हा मेसेज बँकेचा नव्हता.

तिनं फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलला, माताजी म्हणाला. त्याच्या मागं तशाच अदबीचे आणखी पुष्कळ आवाज हलकेच चालू होते, जसं एखाद्या खोलीत खूप जण एकाच वेळी कुणाची तरी समजूत काढत असावेत. "एक मेसेज आएगा, सिर्फ छह अंक बता दीजिए." मनकर्णानं सहाही आकडे सावकाश, चूक होऊ नये म्हणून दोनदा वाचून दाखवले. फोन तुटला. स्क्रीनवर एक ओळ उमटली, की हा नंबर आता या फोनवर चालू नाही.

अर्ध्या तासात गुणवंतराव सायकलवरून आले. निवृत्त वनरक्षक, गावाचा गट त्यांनीच काढलेला आणि तेच सांभाळत.

"वहिनी, हे काय पाठवून राह्यल्या तुम्ही?"

त्यांनी आपला फोन पुढं केला. सोमाजीच्या गोल फोटोशेजारी लिहिलं होतं, 'वाघ हल्ला मदतीची यादी आली. फाइल उघडून आपले नाव पहा.' तेच पुन्हा. पुन्हा एकदा.

"मी नाई पाठवलं, भाऊ."

तिचा फोन बाजेवर पडलेला होता. दोन्ही हातांना मोहाचा चिकटा होता. आणि गुणवंतरावांच्या हातातल्या काचेवर, वरच्या बाजूला, अक्षरं आली. सोमाजी टाइप करत आहे.

अंगणात ऊन होतं, फुलांवर मधमाश्या होत्या, आणि तीन वर्षांपूर्वी जाळलेला माणूस कुठंतरी बसून शब्द जुळवत होता.

मनकर्णानं दिव्यानीला फोन लावून गटावर काय चाललंय ते सांगितलं.

"आई, कोड सांगितला का कोणाले?"

"बँकेचा नव्हता तो."

दिव्यानी रागावली नाही, तेच मनकर्णाला जास्त लागलं. "आता ऐक. व्हॉट्सॲपवर आपला नंबर पुन्हा टाक. नवा कोड एसएमएसनं याच सिमवर येईन. तो तू भरला, का तो माणूस बाहेर."

मनकर्णानं नंबर भरला. "अकरा तास थांबा म्हणून राह्यला."

"त्यानं मुद्दाम चुकीचे कोड टाकून ठेवले असन. थांबावं लागते. तोवर लोकाइले सांग, ती फाइल उघडू नका. उघडली का त्यांचाही फोन गेला त्याच्या हाती. मी सायबर गुन्ह्याच्या १९३० वर तक्रार लावते."

गुणवंतरावांनी लगेच गटावर लिहिलं, की सोमाजीचा नंबर चोरीला गेला आहे, फाइल कुणी उघडू नये. मिनिटभरानं त्याखाली सोमाजी उतरला, 'गुणवंतरावांचा फोन हॅक झाला आहे. त्यांचे ऐकू नका.'

म्हाताऱ्या वनरक्षकानं चष्मा पुसला. "आता गाव कोणाचं ऐकन, वहिनी? माझं का त्याचं?"

तिला ते माहीत होतं. नाल्यावर जायचं की नाही हे गाव ज्याच्या शब्दावर ठरवी, तो शब्द आता घराघरात जाऊन दार उघडा म्हणत होता.

"गटातून काढू का त्याले?" गुणवंतरावांनी विचारलं. त्यांचा अंगठा काचेवर अधांतरी होता.

बोडीच्या पाळीवरून त्याला आणलं तेव्हा तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आता विचारत होते.

"काढा," ती म्हणाली.

गटात एक बारीक करडी ओळ आली. गुणवंतरावांनी सोमाजी यांना काढले. ती ओळ तिनं एकदाच वाचली, हात धुतले आणि घराबाहेर पडली. गटातून काढला तरी तो आता एकेकाला वेगळं लिहिणार, हे दिव्यानीनं सांगितलं होतं. दारोदार जाणं भाग होतं. सगळ्यांत आधी ती आशाबाईकडे गेली.

आशाबाई सोमाजीची थोरली बहीण. दारात बसली होती, फोन हातभर लांब धरून. मनकर्णाला पाहून तिनं तो लपवला नाही. त्यावर आशाबाईनं लिहिलं होतं, 'सोमा?' आणि खाली उत्तर होतं, 'हो. मी आहे. फाइल उघड.'

"बाई, उघडली का?"

"अजून नाई." आशाबाईचे डोळे काचेवरच होते. "मले कळत नाई असं नको समजू. त्याची राख वैनगंगेत म्या सोडली. पण मी विचारलं, आन् तो हो म्हणाला. तीन वर्सांत कोणी हो म्हटलं नोयतं."

मनकर्णा तिच्याशेजारी टेकली. मग जे रोज पहाटे पाहत होती तेच तिच्या तोंडून आलं.

"वाघ निंगाला का वानर ओरडते, सांबर ओरडते. जाग्यावरून ओरडते. कधी म्हणते का, माझ्याजवळ ये? सावध करणारा आपल्याले काही मागत नाई, बाई. आधी भेव दाखवून मंग काही मागत असन, तर तो शिकारी. आपला सोमाजी येऊ नका म्हणे. या असं कधी म्हटलं त्यानं?"

आशाबाई म्हणाली, "इतकं समजते, तर तू काऊन सांगितला वो आकडा?"

"आवाज जाईन म्हणे त्याचा."

"जाऊ द्याचा होता." मग ती पुटपुटली, "नाई. मीही सांगितला असता."

फोन थरथरला. 'उघडली का?' आशाबाईनं तो तव्यावरून हात काढावा तसा पटकन मनकर्णाच्या मांडीवर टाकला. मनकर्णानं तो नंबर, आपलाच नंबर, ब्लॉक केला आणि फाइल पुसून टाकली.

दिवस मावळेपर्यंत ती घरोघर फिरली. दोघांनी फाइल उघडली होती. त्यांचं नेट बंद करून फोन दुसऱ्या दिवशी साफ करून घ्यायला सिंदेवाहीला नेले. रात्री कोड आला, तिनं भरला आणि तो माणूस बाहेर फेकला गेला. पण जाता जाता त्यानं खात्याला स्वतःचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळं सात दिवस ते तिलाही उघडेना. आवाज फोनच्या पोटात शाबूत होते. रविवारी दिव्यानीनं ते दुसरीकडे उतरवून ठेवले. मनकर्णानं त्या आठवड्यात एकही लावून ऐकला नाही. ती पहाटे नाला पाहून येई आणि दारोदार तोंडानं खबर देई.

आठव्या दिवशी खातं उघडलं, आणि आशाबाईच्या फोनातला ब्लॉकही तिनं जाऊन काढला. तिनं त्याचा फोटो काढला, आपलं नाव घातलं, आणि गुणवंतरावांनी गटात परत घेतल्यावर लिहिलं, 'हा मनकर्णाचा फोन आहे. सोमाजी वारला आहे. त्याच्या नावानं कोणी काही मागितलं तर देऊ नका. सगळ्यांनी आपल्या फोनात माझं नाव टाका.' त्यातले तीन शब्द लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

नंतर सोमवारी पहाटे रेतीत पंजा सापडला, कडा अजून ओल्या. या वेळी ती बोलली, "नाल्याकडे येऊ नका. ताजा पंजा आहे." स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. गटात एकेक उत्तर पडू लागलं. बरं वहिनी. बरं काकू.

आशाबाईचं उत्तर गटावर आलं नाही. ते वेगळं आलं, फक्त या नंबरावर.

'बरं सोमा. नाई जात.'

मनकर्णानं उत्तर लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. मग फोन कमरेला खोचून ती पंजा कुणाच्या पायाखाली पुसू नये म्हणून त्याच्याभोवती दगड मांडू लागली.